जिल्हा कोर्टातला वकील हायकोर्टाचा न्यायमूर्ती कसा होतो? (सातारा-सांगलीच्या वकिलांसाठी)

कृष्णाकाठ (धागाकर्ता):

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसू लागलं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिकडे गेलं. तेव्हापासून साताऱ्याच्या आणि सांगलीतल्या विजयनगरच्या कोर्टाच्या बाररूममध्ये ज्युनिअर मंडळी एक प्रश्न वारंवार विचारतात: आपल्यातला कोणी थेट हायकोर्टाचा न्यायमूर्ती होऊ शकतो का, आणि होतो तर कसा? याबद्दल इतकी चुकीची माहिती फिरते की एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट, यासाठी अर्ज करायचा नसतो. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो, जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीची जाहिरात निघते. हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदाची जाहिरात कधीच निघत नाही. हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांच्याखालचे दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती मिळून नाव काढतात आणि तुमची संमती विचारतात. 'मी फॉर्म भरलाय' असं कोणी सांगत असेल तर संमतीनंतर माहितीचा तक्ता भरून द्यावा लागतो, तो फॉर्म तेवढाच.

दुसरी गोष्ट पात्रतेची. घटनेचा अनुच्छेद २१७(२) सांगतो की उमेदवार भारताचा नागरिक हवा आणि किमान दहा वर्षं हायकोर्टाचा वकील हवा. 'हायकोर्टाचा वकील' हे शब्द वाचून तालुक्याचे वकील तिथेच थांबतात. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ नंतर हायकोर्टाची वेगळी सनद उरलेली नाही. राज्य बार कौन्सिलच्या एकाच यादीवर सगळे वकील असतात, मग ते मुंबईच्या फोर्टात बसोत की दहिवडीत. २००९ मध्ये महेशचंद्र गुप्ता विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की इथे वकिलीचा हक्क किती वर्षं आहे हे मोजायचं. प्रत्यक्ष काम किती आणि कसं केलं, हा योग्यतेचा भाग, आणि तो ठरवणं सल्लामसलत करणाऱ्यांचं काम. म्हणजे वडूजच्या कोर्टातली वर्षं धरतात.

तिसरी गोष्ट पुढे सविस्तर येईलच, पण आताच सांगतो. शिफारस म्हणजे नेमणूक नव्हे. नाव पाठवल्यावर पेपरात 'न्यायमूर्तिपदी निवड' छापून येतं, चौकात फ्लेक्स लागतात, आणि त्याचा त्रास ज्याचं नाव गेलंय त्यालाच होतो.

—

निशाणी पाच:

चांगला धागा. पात्रतेबद्दल एक पुरवणी. पात्रता आणि योग्यता यांतला फरक नुसता पुस्तकी नाही. पात्रता नसेल तर कोर्ट नेमणूक रद्द करू शकतं आणि तसं घडलंय. १९९२ च्या कुमार पद्मप्रसाद प्रकरणात गुवाहाटी हायकोर्टासाठी राष्ट्रपतींच्या सहीचं नेमणूकपत्र निघालं होतं. ती व्यक्ती अटीत बसत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नेमणूक रद्द केली. उलट, माणूस पात्र असेल पण 'योग्य नाही' असं कोणाचं म्हणणं असेल तर त्यावर याचिका टिकत नाही.

वयाचं घटनेत काही लिहिलेलं नाही. व्यवहारात वकिलांमधून साधारण ४५ ते ५५ या वयातली नावं जातात. निवृत्ती ६२ व्या वर्षी. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीपूर्वी ती साठीला होती.

—

शिराळ्याचा पाऊस:

साताऱ्याने तर देशाला सरन्यायाधीश दिलाय. प्र. बा. गजेंद्रगडकर साताऱ्याचेच. मग जिल्ह्याच्या वकिलाला संधी नसते असं कसं म्हणता?

—

कृष्णाकाठ:

दादा, त्यांचा जन्म साताऱ्याचा, १९०१ चा, आणि शाळाही साताऱ्यातच झाली. पण वकिली त्यांनी साताऱ्यात केली नाही. १९२६ मध्ये ते मुंबई हायकोर्टाच्या अपील शाखेत वकील झाले आणि तिथे एकोणीस वर्षं उभे राहिले. १९४५ मध्ये त्याच हायकोर्टाचे न्यायमूर्ती, १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात, १९६४ ते १९६६ सरन्यायाधीश. न्यायमूर्ती झाले तेव्हा वय ४४ च्या आसपास.

नाव काढणारे न्यायमूर्ती ज्या वकिलाला रोज समोर बघतात, त्याचंच नाव त्यांना सुचतं. जिल्ह्यातला वकील त्यांना दिसतच नव्हता. अडचण खरी तिथे होती, आणि अभिमान धरताना ती झाकली जाऊ नये.

—

अपील शाखा:

हा मुद्दा मी उलगडून लिहितो, कारण सगळं इथे अडतं.

धोम, कण्हेर, उरमोडी किंवा वारणा धरणासाठी सरकारने संपादन केलेल्या जमिनीचं उदाहरण घ्या. वाढीव मोबदल्याचा संदर्भ अर्ज, जुन्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली. जिल्ह्याचा वकील जमीनमालकाचा सरतपास (आपल्याच साक्षीदाराची जबानी) घेतो, खरेदीखताचे दाखले निशाणीवर (पुराव्याच्या नोंदीत) आणतो, सरकारी साक्षीदाराचा उलटतपास घेतो, विहीर आणि झाडांचं मूल्यांकन शाबीत करतो. निकाल लागतो. सरकार कलम ५४ खाली हायकोर्टात पहिलं अपील करतं. इथवर सगळी मेहनत साताऱ्यात झालेली. मग पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदांचा संच, मुंबईच्या वकिलाकडे जातं. तिथला निकाल 'महाराष्ट्र लॉ जर्नल'मध्ये छापून येतो, आणि पहिल्या पानावर 'अपिलार्थीतर्फे', 'प्रतिवादीतर्फे' म्हणून जी नावं असतात त्यांत ज्याने पुरावा उभा केला त्याचं नाव नसतं.

शिफारशीच्या वेळी जो माहितीचा तक्ता मागतात त्यात तुमचं नाव असलेले छापील निकाल किती आणि न छापलेले महत्त्वाचे निकाल कोणते, हे विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमचे (नावं ठरवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाचे) ठराव २०१७ च्या ऑक्टोबरपासून संकेतस्थळावर येऊ लागले. त्यांतही अनेकदा उमेदवाराच्या छापील निकालांची संख्या आणि वकिलीच्या उत्पन्नाचा उल्लेख दिसतो. वीस वर्षं सत्र न्यायालय गाजवलेल्या वकिलाचा हा रकाना रिकामा राहतो. त्याचं काम कमी पडलेलं नसतं, त्याची नोंद कुठेच झालेली नसते.

कोल्हापूरमुळे हे बदलू शकतं, पण आपोआप नाही. कराडचा वकील आता स्वतःच्या खटल्याचं दुसरं अपील स्वतः चालवू शकतो. मात्र तिथे पुन्हा पुरावा वाचून चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली कायद्याचा सारभूत प्रश्न आधी मांडावा लागतो, आणि तो जमला नाही तर अपील दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच फेटाळलं जातं. वाटणीच्या दाव्यात 'दोन्ही कोर्टांनी पुरावा नीट पाहिला नाही' हा प्रश्न होत नाही. 'नोंदणी नसलेला वाटणीचा लेख वाटणीचा पुरावा म्हणून वाचता येतो का' हा होतो.

—

हळदीची पेठ:

अपील शाखा, नाव नोंदलं जाण्याबद्दल थोडं आणखी लिहा ना. ज्युनिअरांना यातलं काहीच शिकवलं जात नाही.

—

अपील शाखा:

युक्तिवाद झाला की हजेरीची चिठ्ठी कोर्टाच्या कर्मचाऱ्याकडे द्यायची. त्यावर नाव सनदेवर आहे तसंच आणि पूर्ण लिहायचं. आदेश संकेतस्थळावर चढला की त्याच दिवशी उघडून पाहायचा. नाव गळलं असेल किंवा चुकीचं पडलं असेल तर त्याच न्यायमूर्तींपुढे 'स्पीकिंग टू द मिनिट्स'साठी (आदेशातली चूक दुरुस्त करून घेण्यासाठी) प्रेसिपी, म्हणजे छोटा विनंतीअर्ज, द्यायची. यात फक्त टंकनाची किंवा नोंदीची चूक दुरुस्त होते, निकालाचा गाभा बदलत नाही. हे लगेच करायचं. वर्षभराने कोणी दाद देत नाही आणि तोवर तो निकाल चुकीच्या नावाने छापलाही गेलेला असतो.

स्वतःची एक वही ठेवा. खटल्याचा क्रमांक, निकालाची तारीख, न्यायमूर्तींचं नाव, कायद्याचा मुद्दा एका ओळीत, न्यूट्रल सायटेशन (कोर्टाने स्वतः निकालाला दिलेला क्रमांक), आणि युक्तिवाद स्वतः केला की सिनिअरसोबत हजर होता. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. मोठ्या वकिलामागे उभं राहून मिळालेले दोनशे निकाल आणि स्वतः चालवलेले वीस, यांतला फरक न्यायमूर्तींना कळतो.

—

निशाणी पाच:

आता नाव गेल्यावर काय होतं ते. पद्धतीचा कागद म्हणजे मेमोरँडम ऑफ प्रोसिजर. मुख्य न्यायमूर्ती नाव मुख्यमंत्र्यांकडे पाठवतात आणि प्रती राज्यपाल, सरन्यायाधीश आणि केंद्रीय कायदामंत्र्यांना जातात. राज्याने सहा आठवड्यांत मत द्यायचं. केंद्राकडे गुप्तवार्ता विभागाचा अहवाल जोडला जातो. मग कागद सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या कॉलेजियमपुढे. ते त्या हायकोर्टाचं काम माहीत असलेल्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींचंही मत घेतात. मंजूर, नामंजूर, लांबणीवर किंवा परत, असं काहीही होऊ शकतं. मंजूर झालं तर नाव पुन्हा केंद्राकडे जातं.

केंद्र एकदा हरकत घेऊन परत पाठवू शकतं. कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं तर नेमणूक करावी लागते, हे १९९३ आणि १९९८ च्या निकालांवरून ठरलेलं आहे. हे बदलण्यासाठी नव्व्याण्णवावी घटनादुरुस्ती होऊन न्यायिक नियुक्ती आयोग आला होता, तो १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक मताने रद्द झाला.

मुदती कागदावर आहेत. २० एप्रिल २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुप्तवार्ता अहवाल चार ते सहा आठवड्यांत यावा, राज्याचं मत आणि हा अहवाल मिळाल्यावर केंद्राने आठ ते बारा आठवड्यांत नाव पुढे पाठवावं, आणि पुन्हा शिफारस झाली तर तीन ते चार आठवड्यांत नेमणूक व्हावी. तरीही नावं महिनोन् महिने पडून राहतात. यादीतली काही नावं मंजूर करून एखादं मागे ठेवलं की मागे राहिलेल्याची ज्येष्ठता जाते, कारण ती नेमणुकीच्या क्रमावर ठरते. पुढे मुख्य न्यायमूर्ती कोण होणार हे त्या काही आठवड्यांवर ठरू शकतं. या रखडण्याला कंटाळून चांगले वकील संमती मागे घेतात, आणि नुकसान पक्षकारांचं होतं. मुंबई हायकोर्टाची मंजूर पदं ९४, ती सगळी भरलेली क्वचितच असतात.

—

कायद्याची विद्यार्थिनी:

गुप्तवार्ता विभाग नेमकं काय तपासतो? इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजमधल्या आमच्या गटात यावर खूप चर्चा असते.

—

कृष्णाकाठ:

ताई, सचोटी, सार्वजनिक प्रतिमा, राजकीय संबंध, प्रलंबित फौजदारी किंवा शिस्तभंगाची प्रकरणं. यात गूढ काही नाही. पण आपल्या भागात जिथे घोळ होतो त्या जागा लिहितो.

जन्मतारीख. गावच्या शाळेत गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेली असते. घरी वेगळी, दाखल्यावर वेगळी, दहावीच्या प्रमाणपत्रावर तिसरीच. न्यायमूर्तींची निवृत्ती तारखेवर चालते, म्हणून हा वाद साधा नाही. अनुच्छेद २१७(३) प्रमाणे न्यायमूर्तीच्या वयाचा प्रश्न सरन्यायाधीशांच्या सल्ल्याने राष्ट्रपती ठरवतात आणि तो निर्णय अंतिम. सनद घेतानाच सगळे कागद एका तारखेवर आणावेत. पन्नाशीत तारीख दुरुस्त करायला गेलात तर शंका येणारच.

उत्पन्न. मागच्या काही वर्षांची विवरणपत्रं पाहतात. तालुक्याला निम्मी फी रोखीत येते, पावती फाडली जात नाही, आणि विवरणपत्रात वकिलीचं उत्पन्न तुटपुंजं आणि शेतीचं भरघोस दिसतं. मग एकतर वकिली चालत नव्हती किंवा लपवली, असे दोनच अर्थ निघतात. पावतीपुस्तक पहिल्या वर्षापासून ठेवा.

संस्था. साखर कारखाना, पतसंस्था, दूध संघ, शिक्षण संस्था. इथल्या नावाजलेल्या वकिलाला कोणी ना कोणी संचालक किंवा विश्वस्त करून ठेवतंच. कर्जवसुलीच्या प्रकरणात संचालक म्हणून नाव आलं की ते अहवालात येतं. कारखान्याचं पॅनेल लढवणं हा गुन्हा नाही, पण राजकीय संबंध म्हणून ते मोजलं जातं.

आणि स्वतःच्या नावावरचे बांधाचे वाद. भावकीचा दावा असणं ही अपात्रता नाही. तो लपवणं महागात पडतं.

—

वाईचा घाट:

फ्लेक्सचा मुद्दा राहिला.

—

कृष्णाकाठ:

हो. हायकोर्टातून नाव गेलं ही बातमी फुटली की सत्काराची घाई सुरू होते. हार घालणारा पुढारी, फोटोतला बिल्डर, व्यासपीठावरचा कारखान्याचा चेअरमन, सगळं कॅमेऱ्यात येतं आणि अहवाल लिहिणाऱ्याच्या हाती आयतं पडतं. नाव नामंजूर झालं तर त्या वकिलाला उद्या त्याच कोर्टात उभं राहायचं असतं. बार असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांना कळकळीने सांगणं आहे, शपथ होईपर्यंत सत्कार ठेवू नका. प्रेम असेल तर थांबा.

संमती दिलेल्या वकिलाने शपथेपर्यंत वकिली करायला कायद्याची आडकाठी नाही. पण राजकीय पक्षाचं किंवा गाजणारं नवं वकीलपत्र घेऊ नये.

—

हळदीची पेठ:

वकिली मिटवण्याबद्दल कोणीतरी लिहा. पक्षकारांचे हाल तिथेच होतात. द्राक्षबागायतदारांचे व्यापाऱ्यांविरुद्धचे चेक बाउन्सचे खटले एकेका ऑफिसात शेकड्याने असतात.

—

अपील शाखा:

नेमणुकीची अधिसूचना आणि शपथ यांत अनेकदा दोन-चार दिवसच मिळतात. चारशे फायली तेवढ्या वेळात निघत नाहीत. म्हणून कॉलेजियमचा ठराव आला की लगेच कामाला लागायचं.

आधी मुदतीच्या फायली बाजूला काढा. चेक बाउन्सच्या कलम १३८ ची नोटीस चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत, ती मिळाल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस, आणि त्यानंतर तक्रार एका महिन्यात. यातली एक तारीख चुकली तर बागायतदाराला उशीर माफीचा अर्ज घेऊन उभं राहावं लागतं, आणि वकिलाचं न्यायमूर्ती होणं हे कारण प्रत्येक वेळी पुरेलच असं नाही. मोटार अपघात दाव्याच्या अपिलाला नव्वद दिवस, त्याही इथेच.

मग मूळ कागद. खरेदीखत, मृत्युपत्र, मूळ चेक. ज्याचे त्याला परत करून पोच घ्या, पोचेवर कागदांची यादी पक्षकाराच्या सहीने. कपाटात राहिलेलं एखाद्याचं मूळ मृत्युपत्र दहा वर्षांनी सापडत नाही.

वकीलपत्राचं असं की पक्षकाराला नवा वकील निवडायचा हक्क आहे. सगळ्या फायली ज्युनिअरच्या नावे फिरवून टाकणं चूक. पक्षकाराला बोलावून विचारा. नव्या वकीलपत्रावर 'हरकत नाही' लिहून तारखेसह सही द्या. न झालेल्या कामाची आगाऊ फी परत करा आणि ती बँकेतून करा. विश्वस्तपद, संचालकपद, भागीदारी यांचे राजीनामे लेखी आणि पोच घेऊन द्या.

या सगळ्या फायलींची पक्षकारांच्या नावांसह एक यादी करून सोबत न्या. तुमचं जुनं प्रकरण बोर्डावर (त्या दिवशीच्या कामाच्या यादीत) आलं की 'नॉट बिफोर मी', म्हणजे 'हे माझ्यापुढे नको', म्हणावं लागतं आणि ते ओळखायला ही यादी लागते. सांगलीत पंचवीस वर्षं वकिली केलेला न्यायमूर्ती कोल्हापूरला बसला तर बोर्डावरचं दर चौथं-पाचवं नाव ओळखीचं निघेल. कोण कुठे बसणार हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा किंवा कोल्हापूर, कुठेही जायची तयारी हवी.

—

निशाणी पाच:

शेवटचा टप्पा मी सांगतो. निवड झाल्यावर सिव्हिल सर्जन किंवा जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचं शारीरिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र मुख्य न्यायमूर्ती मागवतात. राष्ट्रपतींच्या सहीचं नेमणूकपत्र निघतं, न्याय विभाग अधिसूचना काढतो, आणि अनुच्छेद २१९ प्रमाणे राज्यपाल किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीपुढे शपथ होते. तो मान बहुतेक वेळा मुख्य न्यायमूर्तींकडे असतो.

सुरुवातीची नेमणूक बहुधा अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून, अनुच्छेद २२४ खाली, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. त्या काळात लिहिलेले निकाल तपासले जातात आणि मग कायम करण्याची शिफारस होते. वेतन महिना २,२५,००० रुपये, १ जानेवारी २०१६ पासूनचा आकडा. सांगलीत बऱ्यापैकी चालणाऱ्या दिवाणी वकिलाला यात तोटा होऊ शकतो, हे घरच्यांशी आधी बोलून घ्यावं.

७ मे १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वीकारलेली सोळा मुद्द्यांची आचारमूल्यं आहेत, ती प्रत्येक इच्छुकाने वाचावीत. वकिलांशी सलगी नको. घरातला कोणी वकील असेल तर त्याने तुमच्यापुढे उभं राहायचं नाही आणि तुमच्या निवासस्थानात वकिलीचं काम करायचं नाही. क्लब, सोसायटीची निवडणूक नको. शेअर बाजारात सट्टा नको. गावच्या जत्रेत मानाचा नारळ घेणाऱ्या माणसाला हा एकटेपणा जड जातो.

—

शिराळ्याचा पाऊस:

संगम माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचा दाखला आपण भाषणात देतो. नारायणरावांच्या खुनात रघुनाथरावांना दोषी धरलं आणि पद सोडून निघाले. हा एकटेपणा तोच असावा.

—

कायद्याची विद्यार्थिनी:

शेवटचा प्रश्न. अतिरिक्त न्यायमूर्ती दोन वर्षांनी कायम झाले नाहीत, तर साताऱ्याला येऊन पुन्हा वकिली करता येते का?

—

निशाणी पाच:

येते. अनुच्छेद २२० ची बंदी कायम न्यायमूर्तीचं पद भूषवलेल्यांवर आहे. त्यांना सर्वोच्च न्यायालयात आणि इतर राज्यांच्या हायकोर्टांतच वकिली करता येते. मुंबई हायकोर्टात किंवा त्याखालच्या कुठल्याही कोर्टात, म्हणजे साताऱ्यातही, करता येत नाही. अतिरिक्त म्हणून मुदत संपलेल्यांना ही बंदी लागू होत नाही. सनद निलंबित करून ठेवलेली असेल तर बार कौन्सिलकडे अर्ज देऊन ती आधी चालू करून घ्यायची, मगच वकीलपत्र दाखल करायचं.